नऊ चाळीसची नोंद

हे मी डाव्या हाताने लिहिते आहे. एका पानाला अख्खी सकाळ जाते. जाऊ दे. मला गप्प बसवण्याचा प्रयत्न माझ्याच मेंदूने करून पाहिला, त्याला ते जमलं नाही, मग हाताचं काय घेऊन बसलात.

माझं नाव शुभांगी. वय अठ्ठेचाळीस. माणसं मूळची नागपूरकडची. वडील स्टील प्लांटमध्ये क्लार्क होते म्हणून मी भिलाईच्या सेक्टरमध्ये वाढले आणि लग्न होऊन रुआबांध्यात आले. माझे यजमान विनायकराव उतईच्या शाळेत गणित शिकवतात. मी मात्र प्लांटच्या नोकरीत नाही, त्यामुळे प्लांटच्या दवाखान्यावर माझा हक्क नाही. जवळच्याच एका छोट्या खाजगी ऑक्सिजन युनिटमध्ये मी अठरा वर्षं कंट्रोल रूम सांभाळते आहे. आमचे सिलिंडर हॉस्पिटलांनाही जातात. हे मी त्या दिवशी स्ट्रेचरवर पडल्यापडल्या आठवत होते आणि मला भयंकर राग येत होता.

आमच्या कामातली एक शिस्त आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. कंट्रोल रूममध्ये एक जाडजूड रजिस्टर असतं, लॉगबुक. दर अर्ध्या तासाला त्यात सगळ्या मीटरांचं रीडिंग लिहायचं. मध्येच काही वेगळं घडलं तर तेही मिनिटासकट लिहायचं. शिफ्ट बदलताना येणारा माणूस जाणाऱ्याची पानं वाचतो, शंका विचारतो, मग सही करतो, सहीपुढे वेळ टाकतो आणि दोन शब्द लिहितो: ‘चार्ज लिया’. ते दोन शब्द पडेपर्यंत जाणाऱ्याने खुर्ची सोडायची नाही. घरी मुलगी तापाने फणफणलेली असतानाही मी अशी बसून राहिले आहे. तेव्हा चरफडले होते. आता नाही चरफडत.

तो दिवस

सकाळची शिफ्ट होती. साडेपाचला डबा घेऊन निघाले, तेव्हा विनायकराव अंगणात दात घासत होते. त्यांनी नेहमीसारखा हात हलवला.

साडेनऊचं रीडिंग लिहिलं. दहा मिनिटांनी एका कॉम्प्रेसरचा दाब खाली आला, म्हणून नोंद करायला पेन उचललं. ‘9.40’ एवढं नीट लिहिलं. पुढचं अक्षर ओळीवरून घसरलं. त्याच्या पुढचं आणखी खाली गेलं. मला वाटलं, पेन बिघडलं. मग पेन हातात नव्हतं आणि ते कधी पडलं हे मला कळलं नव्हतं.

बाहेर व्हॉल्व्ह तपासत असलेला देवांगन, गेली आठ वर्षं माझ्या शिफ्टचा जोडीदार, काचेतून माझ्याकडे बघत धावत आला. “दीदी, क्या हुआ? दीदी, कुछ बोलो।” मी बोलले. म्हणजे मला वाटलं बोलले. त्याच्या चेहऱ्यावरून समजलं की जे बाहेर पडलं ते बोलणं नव्हतं.

त्याने कंपनीच्या जीपमध्ये घालून मला जवळच्या हॉस्पिटलात नेलं. नाव लिहीत नाही. त्याला पहिलं हॉस्पिटल म्हणू. तिथल्या नर्सने विचारलं, कधी झालं? देवांगन म्हणाला, “नौ चालीस।” तिने ते लिहून घेतलं. मी तिला लिहिताना पाहिलं. डोक्याचा स्कॅन झाला. मग डॉक्टर म्हणाले की अर्धांगवायूचा झटका आहे, रक्ताची गुठळी आहे, यावरचं इंजेक्शन इथे नाही, मोठ्या हॉस्पिटलात हलवा.

इथपर्यंत माझी कुणाबद्दलही तक्रार नाही.

एक चिठ्ठी

तक्रार पुढे सुरू होते. हलवायचं तर सोबत काय द्यायचं? त्यांनी एक चिठ्ठी दिली. उजवी बाजू कमजोर, वाचा गेली, स्कॅन केला, पुढे पाठवत आहोत. चार ओळी. वेळ नाही. स्कॅनची सीडी मागितली तर काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, “पहले बिल क्लियर होगा, फिर फाइल बंद होगी, फिर मिलेगा।”

तेवढ्यात विनायकराव, कंपनीच्या गेटवरून निरोप मिळाल्यावर, शाळेतून धापा टाकत पोचले. मला अँब्युलन्समध्ये चढवत होते. देवांगनच्या अंगावर कामाचे कपडे, खिशात पैसे नाहीत आणि फोनही नाही, कारण आमच्याकडे गॅसच्या आवारात फोन नेता येत नाही, तो गेटवर जमा होतो. विनायकरावांनी त्याच्या हातात आपलं एटीएम कार्ड कोंबलं, पिन सांगितला आणि म्हणाले, “बिल भर के कागज ले आना, भैया।” आठ वर्षांत दोनदा भेटलेल्या माणसाच्या हातात. मग ते माझ्या पायाशी चढून बसले आणि दार लागलं.

झटका किती वाजता आला, हे विचारायचं दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. त्या दोन मिनिटांत तुम्हालाही सुचलं नसतं. म्हणूनच ते कागदावर असायला हवं होतं.

साडेपाच

दुसरं हॉस्पिटल मोठं, काचांचं. साडेअकरा होत आले होते. आधी ॲडव्हान्स भरायला सांगितलं. विनायकरावांचं कार्ड देवांगनकडे! शेवटी शाळेच्या मुख्याध्यापकांनी फोनवरून पैसे पाठवले. इमर्जन्सी म्हणजे काय, हे मला त्या काउंटरवर कळलं: ज्या क्षणी माणसाला विचार करायची शुद्ध नसते, त्याच क्षणी त्याला सगळ्यात जास्त पैसे मागितले जातात. मग सीडी नाही म्हणून स्कॅन पुन्हा. तेच डोकं, तीच सकाळ, दुसरं बिल.

माझ्या पर्समध्ये सरकारी हेल्थ कार्ड होतं. कंपनीतल्या शिबिरात काढलेलं, चौदा आकडी नंबरचं, कौतुकाने लॅमिनेट केलेलं. एका नंबरात तुमचे सगळे रिपोर्ट, असं शिबिरात सांगितलं होतं. दोन्ही हॉस्पिटलांत ते कुणी मागितलं नाही.

स्कॅन बघून एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. चेहऱ्यावर झोप नव्हती, पण बोलणं सरळ होतं. म्हणाल्या, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येईल, पण झटक्यापासून साडेचार तासांच्या आत. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मग विचारलं, “इनको ठीक-ठाक आखिरी बार किसने देखा? कितने बजे?”

विनायकराव खोटं बोलत नाहीत. गणिताचे मास्तर, खरं उत्तर माहीत असेल तेवढंच सांगतात.

“मैंने देखा। सुबह साढ़े पाँच।”

डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून गेले होते. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “तो फिर टाइम निकल गया।”

मला सगळं ऐकू येत होतं. सगळं समजत होतं. हे कुणाला माहीत नसतं म्हणून लिहिते: वाचा गेलेल्या माणसाचे कान जागे असू शकतात. मी आतून ओरडत होते, नऊ चाळीस, नऊ चाळीस. बाहेर येत होतं, “चहा. चहा. चहा.” का चहा, देव जाणे. नर्स समजावत होती, “अभी चाय नहीं मिलेगी, अम्मा।” अम्मा! अठ्ठेचाळीसाव्या वर्षी.

विनायकरावांनी पहिल्या हॉस्पिटलात फोन लावला. नऊ वेळा वाजला, मग कुणीतरी उचलला. पेशंटचं नाव सांगितलं, वेळ तेवढी बघून सांगा म्हणून विनवलं. उत्तर आलं, “रिकॉर्ड फोन पर नहीं बताते।” आणि ठेवला.

मी घाबरले होते. मरायला नाही तेवढी, असं आत पडून राहायला. सगळं समजतंय आणि तोंडातून चहा येतोय, असं वीस वर्षं.

मग मी डावा हात उचलला. चादरीवर बोटाने एक रेघ ओढली. तिच्याखाली दुसरी. मग उभ्या रेघा. रकाने. त्या रकान्यांत बोटाने लिहायला लागले. विनायकराव बघत राहिले. आमच्या घरी दुधाचं रजिस्टर आहे, गॅस सिलिंडरचं आहे, पाण्याच्या टाकीचंसुद्धा आहे. त्यावरून या माणसाने मला अठरा वर्षं चिडवलं आहे.

“रजिस्टर?” ते म्हणाले. “लॉगबुक म्हणून राहिली का तू?”

मी खाटेच्या कठड्यावर हात आपटला. इतक्या जोराने की दुसऱ्या दिवशी तळवा काळानिळा झाला होता.

रजिस्टर बाहेर निघालं

कंट्रोल रूमचा लँडलाइन नंबर आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे, विनायकरावांना पाठ. फोन शिफ्ट इन्चार्ज मिश्रा साहेबांनी उचलला. हे गृहस्थ मला कधी आवडले नाहीत. रीडिंग एक मिनिट उशिरा लिहिलं तरी लाल पेनाने गोल करणारे.

त्यांनी पान काढलं आणि वाचून दाखवलं. साडेनऊचं रीडिंग पूर्ण, खाली सही. मग नऊ चाळीस, आणि पुढे अक्षरं वाकडी, खाली पडत गेलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऐकीव नको, मला बघायला पाहिजे. विनायकरावांनी तसं सांगितलं. मिश्रा साहेबांपुढे पेच होता. फोन गेटवर, रजिस्टर आत. आणि रजिस्टर कंट्रोल रूमच्या बाहेर न्यायचं नाही, हा नियम त्यांचाच.

“दो मिनट,” ते म्हणाले.

पुढे मला देवांगनने सांगितलं, त्याला गेटवरच्या गार्डने. मिश्रा साहेब, वय सत्तावन्न, गुडघेदुखी, ते लॉगबुक छातीशी धरून गेटपर्यंत पळत आले. फोन घेतला, पानाचा फोटो काढला, पाठवला, आणि पुन्हा आत जाऊन त्याच रजिस्टरात आपल्या हाताने नोंद केली की रजिस्टर इतक्या वाजता बाहेर नेलं, इतक्या वाजता परत आणलं. मी ती नोंद नंतर वाचली आहे. लाल पेनाने आहे. त्या माणसाला मी आता काही बोलू देत नाही कुणाला.

डॉक्टरीणबाईंनी फोनवरचा फोटो मोठा करून पाहिला. साडेनऊची सरळ ओळ. नऊ चाळीसची घसरलेली.

“ये इन्हीं की लिखावट है?”

“हौ,” विनायकराव मराठीतच म्हणाले, आणि रडायला लागले.

इंजेक्शन एक वाजायच्या आत सुरू झालं.

देवांगन दुपारी अडीचला आला. बिल भरलं होतं, एटीएम कार्ड आणि पावती एकत्र रबर लावून आणली होती. फाइल मिळाली नव्हती. सही करणारे डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते म्हणे.

वॉर्ड

हॉस्पिटलचा दिवस फार लवकर सुरू होतो आणि संपतच नाही. रोज कुणीतरी येऊन विचारतं, हे काय आहे? पेन. हे काय? घड्याळ. मला दिसायचं पेन, म्हणायची मी चहा. तिसऱ्या दिवशी एकदम आकडे आले. एक, दोन, तीन, सरळ शंभरपर्यंत, रीडिंग सांगावं तसं. मी थांबेचना. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

केस विंचरायला एक आया यायची, छत्तीसगढी बोलायची. “झन डर दीदी, धीरे-धीरे आही।” घाबरू नको, हळूहळू येईल: रोज तेच वाक्य. डॉक्टरांच्या कुठल्याही वाक्यापेक्षा मला ते जास्त लागू पडलं.

मराठी आठव्या दिवशी आली, तुकड्या-तुकड्यांनी. हिंदी आली नाही. तोंडात शब्द तयार व्हायचा आणि ओठांशी येऊन विरायचा. भिलाईत हिंदीशिवाय माणूस भाजीही आणू शकत नाही. मी घरात बोलती झाले आणि उंबऱ्याबाहेर मुकी राहिले.

घरातलं

हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. घरी आल्यावर मी विनायकरावांवर चिडले. कित्येक दिवस. त्यांनी साडेपाच का सांगितलं? थोडं पुढे-मागे का नाही केलं? हे चूक आहे हे मला ठाऊक होतं. त्यांनी मनाने वेळ सांगितली असती आणि ती चुकीची निघाली असती तर मी आज नसते. तरी चिडले. त्यांनी भरवायला आणलेला वरणभात मी ताटासकट सरकवला.

ते खाली बसून भात गोळा करत म्हणाले, “मी खरंच सांगितलं, शुभा. अन् खरं सांगूनच तुले मारलं असतं. हे माह्या डोक्यातून जाऊन नाही राहिलं.”

मग आम्ही दोघंही रडलो. त्यानंतर मी त्यांच्यावरचा राग तिथून काढला आणि जिथे ठेवायला हवा होता तिथे ठेवला.

नागपूरहून दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा, फोन यायचा. मी पहिल्या हॉस्पिटलातून माझी फाइल मागणार आहे म्हटल्यावर तो म्हणाला, “कावून डोक्याले ताप लावून घेतं वं? वाचली ना तू? त्या कागदाचं आता काय लोणचं घालतं?”

वाचलीस ना, झालं तर मग. हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं की मला त्याचा वीट आला. वाचले, ते एका मास्तरच्या बायकोला रजिस्टराचं वेड होतं म्हणून आणि एका खडूस साहेबाने स्वतःचा नियम मोडला म्हणून. ज्या बाईकडे लॉगबुक नाही, जी उतईच्या शेतात एकटी असताना पडली, तिचं काय? तिची वेळ कुणाच्या तरी टेबलावर लिहिलेली असेल आणि फोनवर सांगत नाहीत म्हणून तिथेच राहील. आम्ही लोखंड कापायच्या गॅसचा चार्ज वाचून, सही करून घेतो. माणसाचा चार्ज चार ओळींच्या चिठ्ठीवर?

पेशंटने मागितले तर कागद द्यावे लागतात. उपकार म्हणून नाही, नियम म्हणून. मी वकिलीण नाही, पण एवढं विचारून घेतलं. विनायकरावांनी दोन वेळा अर्ज दिला. एकदा साहेब सुट्टीवर, एकदा शिक्का नाही. तिसऱ्या वेळी मी म्हणाले, मी येते.

“तू कावून तरास घेऊन राहिली? मी बोलतो ना तिथं.”

“नाही,” मी म्हणाले. “मी.”

त्या एका हिंदी वाक्याची तयारी मी नऊ दिवस केली. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. मुझे मेरी पूरी फाइल चाहिए. ‘फाइल’ यायचं, ‘चाहिए’ अडायचं.

काउंटर

तेच काउंटर, तेच गृहस्थ. माझ्या मागे पाच-सहा जणांची रांग.

“मुझे,” मी म्हणाले. थांबले. “मुझे मेरी.”

त्यांनी माझ्या डोक्यावरून विनायकरावांकडे पाहिलं. “हाँ सर, बताइए, क्या चाहिए इनको?”

विनायकराव माझ्याकडे बघत राहिले. तोंड उघडलं नाही. त्या माणसाने माझ्यासाठी आजवर पुष्कळ केलं, पण ते गप्प राहणं सगळ्यात मोठं.

“मुझे,” मी पुन्हा सुरुवातीपासून म्हणाले. रांगेत कुणीतरी च्च केलं. करू दे. “मुझे मेरी पूरी फाइल.” श्वास घेतला. “चा. हि. ए.”

“मैडम, आप बैठिए, देखते हैं।”

मी बसले नाही. डाव्या हाताने काउंटर धरून उभी राहिले. वीस मिनिटं उभी होते. मागच्या बाई, ज्यांनी च्च केलं होतं, त्यांनी मला आपली पाण्याची बाटली दिली. शेवटी फाइल आली.

तिथेच उघडली. दुसऱ्या पानावर कॅज्युअल्टीची नोंद होती. नर्सचं गोल, स्वच्छ अक्षर. झटका आल्याची वेळ: सकाळी नऊ चाळीस. सोबत आणणाऱ्याचं नाव: देवांगन.

होतं. सगळं लिहिलेलं होतं. तिकडे माझे साडेचार तास सरत होते तेव्हा हे पान इथे या ड्रॉवरमध्ये शांत पडलं होतं. त्या नर्सने आपलं काम केलं होतं. तिचा चार्ज घ्यायला मात्र कुणी आलं नव्हतं.

गृहस्थांनी एक रजिस्टर पुढे सरकवलं. “यहाँ साइन कर दीजिए, फाइल मिल गई करके।”

मी पेन डाव्या हातात घेतलं. सही केली, वाकडीतिकडी, पण ओळीवर. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि सहीपुढे लिहायला लागले.

“मैडम, टाइम की जरूरत नहीं है इसमें।”

विनायकराव माझ्या शेजारी उभे होते. यावेळी शब्द अडला नाही.

“है,” मी म्हणाले.

आणि अकरा वाजून वीस मिनिटं, असं पूर्ण लिहून त्यापुढे लिहिलं: चार्ज लिया.